स्पर्धा परीक्षा सोडल्यावर: नोकरीच्या वाटेवरचे पहिले काही महिने

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगतो. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत, किंवा लातूर, संभाजीनगर, नागपुरात चार-सहा वर्षं तयारी केली. प्री (पूर्वपरीक्षा) निघाली, एखाद-दुसरी मेन्सही (मुख्य परीक्षा) झाली, पण पोस्ट काही हाती लागली नाही. वय आता अठ्ठावीस ते बत्तीसच्या मध्ये कुठेतरी. सोडायचं जवळजवळ ठरलंय, पण सोडून करायचं काय आणि आपल्याला घेणार कोण, या दोन प्रश्नांनी झोप उडालीय. मीही याच पेठांमधून बाहेर पडलो, त्याला बरीच वर्षं झाली. आता एका संस्थेत नोकरभरतीचं काम बघतो, त्यामुळे तुमच्यासारख्यांचे अर्ज रोज नजरेखालून जातात.

आत्मविश्वास नेमका गेला कुठे, याबद्दल माझं एक ठाम मत आहे. पेठेत निकाल वर्षातून एकदा लागतो. जाहिरात येते, परीक्षा पुढे ढकलली जाते, मग पेपर, अन्सर की, हरकती, पुन्हा सुधारित अन्सर की आणि कधीतरी कट-ऑफ. वर्ष-दीड वर्ष राबून हातात येतो एक आकडा आणि बहुतेकांसाठी तो 'नाही' असंच सांगतो. तेवढ्या काळात कामाला लागलेला तुमचा वर्गमित्र शेकडो बारीकसारीक गोष्टी करून बसलेला असतो. काही जमतात, काही फसतात, साहेब ओरडतो, गिऱ्हाईक खूश होतं. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, याचा त्याला अंदाज येत जातो. तुम्हाला तो अंदाज येण्याची सोयच नव्हती. म्हणून पुढे जे काही सांगतोय त्याचं सूत्र एकच: दोन निकालांमधलं अंतर वर्षावरून आठवड्यावर आणायचं.

पहिलं काम: शेवटची तारीख कागदावर लिहा

यूपीएससीचं एक बरं आहे. खुल्या गटाला ३२ वर्षं आणि सहा अटेम्प्ट, पुढे दार आपोआप बंद. एमपीएससीचं तसं नाही. २०१६ साली राज्य सरकारने कमाल वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ केली. त्याचा अनेकांना खरोखर फायदा झाला, नाही असं नाही. पण दार इतकी वर्षं उघडं राहतं की ते आपल्यालाच ओढून घ्यावं लागतं, आणि न ओढायला दरवर्षी नवं निमित्त सापडतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तर लगेच 'नवा पॅटर्न, सगळेच शून्यावर, एकदा बघूच'. पुढच्या वर्षी म्हणे जागा जास्त निघणार आहेत. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही.

म्हणून एका साध्या कागदावर तीन गोष्टी लिहा. माझी शेवटची परीक्षा कोणती, ती कोणत्या तारखेला, आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी काय करणार. खाली सही करा आणि कागदाचा फोटो अशा एकाला पाठवा, जो तुम्हाला तोंडावर बोलू शकतो. रूम पार्टनर तुमच्याच नावेत असेल तर त्याला पाठवून उपयोग नाही. भाऊ, बहीण, कामाला लागलेला मित्र चालेल.

'नोकरी करत करत देऊ' असं म्हणणारे बरेच भेटतात. द्या, माझी ना नाही. मात्र एकच परीक्षा धरा आणि नोकरीचे पहिले सहा महिने तिचं पुस्तकही उघडू नका. निघेल त्या जाहिरातीचा फॉर्म भरणारा माणूस धड नोकरीत नसतो, धड अभ्यासात नसतो.

सोडताना मनात 'मी हरलो' हा सूर असतोच, म्हणून एकदा आकडे समोर ठेवून बघा. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२४, मुलाखतीपर्यंत पोचले २,८५५ आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे पेपरला बसलेल्या साधारण ५८३ जणांमागे एक. मुलाखतीपर्यंत जाऊनही १,८३९ जण बाहेर राहिले. हे १,८३९ जण मठ्ठ होते असं कोणी म्हणेल का? जागा मोजक्या असतात तेव्हा गाळण लागतेच. ती परीक्षा जागा भरण्यासाठी असते. उरलेल्यांची लायकी ठरवणं हे तिचं कामच नाही.

अभ्यासिकेतली खुर्ची सोडा

याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यात विचार करण्यासारखं काही नाही, फक्त करायचं आहे. अभ्यासिकेचं डिपॉझिट परत घ्या. पुस्तकं ज्युनिअरला द्या किंवा अप्पा बळवंत चौकात विकून टाका. हातच्या नोट्स ठेवायच्या असतील तर ठेवा, पण गावी. टेलिग्रामवरचे चालू घडामोडींचे चॅनल आणि व्हॉट्सॲपचे बॅचवाले ग्रुप सोडा; सोडवत नसेल तर निदान आवाज बंद करा. सकाळी चहाच्या टपरीवर 'आयोगाने काय केलं' हीच चर्चा चालू असेल तर टपरी बदला.

राहायचं कुठे, हा मोठा प्रश्न. माझ्या मते शक्य असेल तर पेठांमधल्या कॉट बेसिसवरून उठून नोकरीवाली मुलं राहतात त्या भागात जावं. भाडं थोडं जास्त पडतं. पण आजूबाजूची माणसं सकाळी डबा घेऊन बाहेर पडताना दिसली की आपणही नऊला आंघोळ करून तयार होतो. गावी जायचं असेल तर दोन-तीन आठवडे जा, पोटभर झोपा, आईच्या हातचं खा. त्यापुढे रिकाम्या हाताने गावात राहणं जड जातं, कारण पारावरच्या प्रत्येकाला तुमच्या निकालाची चौकशी करायची असते.

घरी सांगणं

सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हेच. काही जण सहा-सहा महिने घरी सांगत नाहीत आणि नसलेल्या परीक्षेच्या तारखा रचत बसतात. त्या खोटेपणाचं ओझं इतकं होतं की नोकरी शोधायला लागणारी ताकदही त्यातच जाते.

फोनवर सांगू नका. घरी जा. सगळ्यांसमोर विषय काढू नका. वडिलांना किंवा घरात ज्यांचं चालतं त्यांना एकटं गाठून बोला. रडगाणं नको आणि 'सिस्टीमच खराब आहे' हे भाषणही नको. काय थांबवतोय, काय सुरू करतोय आणि घरून पैसे किती दिवस लागतील, एवढंच सांगायचं. उदाहरणार्थ:

'अण्णा, डिसेंबरची परीक्षा माझी शेवटची होती. आता मी नोकरी बघतोय, एक्सेल आणि अकाउंटिंगचा कोर्स लावलाय. मार्चपर्यंत तुम्ही महिन्याला पाठवता त्याच्या निम्मे पाठवा, एप्रिलपासून एक रुपयाही नको.'

अण्णा काय म्हणतील? बहुतेक काहीच नाही. थोडा वेळ गप्प बसतील, मग विचारतील, 'नोकरी मिळंल का पण आता?' त्यांच्या मनात राग कमी आणि काळजी जास्त असते. पैशाची तारीख सांगितली की ती काळजी निम्मी होते. आई मात्र 'अजून एकदा देऊन बघ ना रे' म्हणेल. तिला वाद घालून पटत नाही, वेळ द्या. पहिला पगार तिच्या हातात ठेवलात की विषय मिटतो.

मुलींची गोष्ट वेगळी, आणि ती वेगळीच लिहायला हवी. मुलीने 'परीक्षा थांबवते' म्हटलं की पुढचं वाक्य घरचे बोलतात: 'मग आता स्थळं बघायला हरकत नाही.' तयारी ही अनेक मुलींसाठी लग्न लांबवण्याची ढालही असते, हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. म्हणून मुलींनी शक्यतो हातात काहीतरी ठरलेलं असताना घरी सांगावं: नोकरीची ऑफर, किमान प्रशिक्षणाचा प्रवेश किंवा पुढच्या शिक्षणाची सीईटी. 'मी थांबतेय' ऐवजी 'मी एक तारखेपासून रुजू होतेय' असं वाक्य घरात गेलं की बोलणी वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतात. लग्नाला तुमचीच तयारी असेल तर प्रश्नच नाही, पण नोकरी लागल्यानंतरचं आणि आधीचं स्थळ यांत फरक पडतो, हेही खरं.

नातेवाइकांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा: 'काका, परीक्षा थांबवली, आता खासगीत बघतोय.' बस्स. त्यापुढे खुलासा द्यायचा नाही. दोन-तीन लग्नसमारंभ झाले की विचारणं थांबतं.

आठवड्याचा निकाल

आता मुख्य काम. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये एक मांडणी केली. 'हे मला जमेल' असं माणसाला कशामुळे वाटतं, याचे त्यांनी चार स्रोत सांगितले: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला जमताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि आपली शारीरिक-मानसिक अवस्था. यातला सगळ्यात भक्कम स्रोत पहिला. गंमत बघा, पेठेत आपण तिसऱ्यावरच जगतो. टॉपरची व्याख्यानं, सत्कार, 'तू करू शकतोस'चे व्हिडिओ. त्याने संध्याकाळ बरी जाते, सकाळी परत तेच.

तेव्हा दर आठवड्याला एक असं काम घ्या, जे रविवारी संपलेलं असेल आणि दुसऱ्या माणसाला दाखवता येईल. 'इंग्रजी सुधारणे' हे काम नाही, त्याला शेवट नाही. कामं कशी हवीत ते सांगतो. मोबाइलमधले यूपीआयचे गेल्या वर्षभराचे व्यवहार काढून एक्सेलमध्ये भरा आणि महिनावार, प्रकारवार खर्चाचा तक्ता करा. मेस किती, प्रवास किती, झेरॉक्स किती. हे करता करता फिल्टर, सम-इफ आणि पिव्हट टेबल तिन्ही येतात, आणि पुढे मुलाखतीत 'एक्सेल येतं का?' या प्रश्नाला 'हो' म्हणण्याऐवजी दाखवायला फाइल असते. पुढच्या आठवड्यात एखाद्या सरकारी योजनेची माहिती गावातल्या माणसाला कळेल अशा दोन पानांत लिहा. त्याच्या पुढच्या आठवड्यात दहावीच्या दोन मुलांना एक धडा शिकवा आणि त्यांना प्रश्न विचारून बघा. ओळखीच्या दुकानदाराच्या महिन्याच्या बिलांची नोंद करून द्या. फुकट करा, पण मुदत ठरवून करा.

काम फसलं तर? तर ते रविवारीच कळतं, पुढच्या जूनमध्ये नाही. हाच तर फायदा. पिव्हट टेबल चुकलं म्हणून कोणी आयुष्याचा हिशेब मांडायला बसत नाही; सोमवारी दुरुस्त करतो आणि पुढे जातो.

एका वहीत दर रविवारी दोनच ओळी लिहा: काय पूर्ण झालं, कोणाला दाखवलं. भावना लिहू नका. तयारीच्या काळात आपण सगळ्यांनीच डायऱ्यांमध्ये पानंच्या पानं संकल्प लिहिलेत, ते पुरे.

सीव्ही: पाच वर्षांच्या जागी काय लिहायचं

माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत दोन प्रकार दिसतात. काही जण तयारीची वर्षं लपवतात: २०१८ ला पदवी, आणि मग थेट 'सध्या नोकरीच्या शोधात'. वाचणारा लगेच विचारतो, मधे काय? दुसरे काही जण पानभर परीक्षांची नावं लिहितात आणि प्रत्येकीपुढे 'थोडक्यात संधी हुकली'. दोन्ही नको. सरळ एक नोंद करा: '२०१९ ते २०२४: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, दोनदा मुख्य परीक्षेस पात्र.' मुलाखत दिली असेल तर तेही. पुढे नोकरी देणाऱ्याच्या उपयोगाचं काय ते.

तयारीत नक्की काय कमावलं हे बहुतेकांना स्वतःलाच दिसत नाही. एका मुलीचा अर्ज आठवतो. सीव्हीवर पदवी, टायपिंगचं प्रमाणपत्र आणि छंद म्हणून वाचन. आमची जागा प्रकल्प समन्वयकाची होती, हिशेब आणि माणसं दोन्ही सांभाळायची. बोलता बोलता मी विचारलं, जेवणाचं कसं करायचात? तर कळलं, तिने आणि रूममधल्या मुलींनी मिळून स्वयंपाकवाल्या मावशी ठेवल्या होत्या, हळूहळू आजूबाजूच्या मुली आल्या, आणि दोन वर्षं त्या सगळ्या मेसचा हिशेब ही एकटी बघत होती. वर्गणी गोळा करणं, थकबाकीदारांच्या मागे लागणं, गॅस, किराणा, मावशींचा पगार, सुट्टीत गेलेल्यांचे दिवस वजा करणं. मी म्हटलं, 'अहो, हे लिहिलं का नाही?' म्हणाली, 'सर, ती मेस होती.' आमच्या जागेला नेमकं तेच हवं होतं.

तेव्हा आठवून बघा. अभ्यासिकेची किल्ली तुमच्याकडे होती का? टेस्ट सिरीजचे पेपर तपासले? ग्रुपसाठी नोट्स काढल्या, ज्युनिअरना पॉलिटी शिकवली, माहिती अधिकारात अर्ज केले, हरकती लेखी पुराव्यासह पाठवल्या? शेवटचं तर कार्यालयीन पत्रव्यवहाराचं चांगलं काम आहे. प्रत्येकापुढे किती, केव्हा, कोणासाठी हे लिहा. 'मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड' ही ओळ काढून टाका. ती सगळ्यांच्याच सीव्हीवर असते.

शोधायचं कुठे

क्लासमध्ये शिकवणं किंवा टेस्ट सिरीज तपासणं हा सगळ्यात जवळचा रस्ता. हातखर्च सुटतो, बोलायची सवय होते. पण मन त्याच परीक्षेभोवती फिरत राहतं आणि पगार वेळेवर होईलच असं नसतं. सहा-आठ महिन्यांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर शिकवणं हाच पेशा म्हणून निवडा, ओघाने थांबू नका.

माझ्या अनुभवात तयारीवाल्यांचं सगळ्यात चांगलं जमतं ते सामाजिक संस्था आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) प्रकल्पांमध्ये. पंचायत म्हणजे काय, बीडीओ (गटविकास अधिकारी) कुठे बसतो, कुठला निधी कुठून येतो, हे तुम्हाला माहीत असतं. शहरातल्या व्यवस्थापन पदवीधराला ते शिकवावं लागतं. मराठी अनुवाद आणि डिजिटल कंपन्यांचं मराठी लेखन हेही जमतं, कारण वर्तमानपत्र बारकाईने वाचायची सवय असते. बँका, वित्तसंस्था, विमा कंपन्यांत जागा भरपूर असतात, पण 'ऑफिसर' या शब्दाला भुलू नका. टार्गेट आहे का, असेल तर कशाचं, आणि पूर्ण न झाल्यास पगार कापतात का, हे रुजू होण्याआधी विचारा. काहींना विक्रीचं काम छान जमतं, सगळ्यांना नाही.

यूपीएससीच्या मुलाखतीपर्यंत गेला असाल तर आयोगाचं 'प्रतिभा सेतू' पोर्टल बघा. अंतिम यादीत न आलेल्या उमेदवारांची माहिती त्यांच्या संमतीने नोकरी देणाऱ्या संस्थांना तिथे मिळते. राज्य सरकारचं महास्वयम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस ही नोकरीची पोर्टल, दोन्हीकडे नोंदणी फुकट आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं, वयाची अट १८ ते ३५. अटी आणि मुदत बदलत असतात, पोर्टलवर खात्री करा. आणि तिथे गेलात तर शिका आणि बाहेर पडा. कायम करतील या आशेवर पुन्हा वाट बघत बसणं आपल्याला परवडणारं नाही.

पगाराचं एक सांगून ठेवतो, कारण पहिल्या महिन्यात अनेकांचा चेहरा पडतो. तीन लाख सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे हातात महिना पंचवीस हजार नव्हेत. कंपनीचा पीएफचा वाटा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही त्यातच धरलेली असते. तुमच्या बाजूने बेसिकच्या १२ टक्के पीएफ जातो. व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचा २,५००. महिलांना दरमहा २५,००० पर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. बेसिक किती धरलाय यावर ठरतं, पण साधारण एकवीस-बावीस हजार हातात पडतील असं धरून चाला. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

मुलाखतीतले दोन प्रश्न

बाकीचे प्रश्न कोणालाही विचारतात. तुम्हाला हे दोन नक्की विचारतील.

'इतकी वर्षं काय केलंत?' इथे बरीच मुलं पाच मिनिटं नशिबाची गोष्ट सांगतात: एका मार्काने गेली, प्रश्न रद्द झाला, केस कोर्टात अडकली. सगळं खरं असेलही, पण समोरच्याला ऐकू येतं एवढंच की हा माणूस अजून तिथेच आहे. चार वाक्यांत संपवा: काय दिलं, कुठपर्यंत गेलात, कधी थांबलात, त्यानंतर काय शिकलात.

'उद्या जाहिरात आली तर सोडून जाल?' खरी भीती ही आहे. आम्ही माणूस शिकवायचा आणि तो प्रीच्या आधी दोन महिने सुट्टी मागणार, हे आमच्याकडे घडलेलं असतं. 'नाही सर, कधीच नाही' यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तारीख सांगा: 'माझी शेवटची परीक्षा डिसेंबरची. त्यानंतरच्या जाहिरातीचा फॉर्म मी भरलेला नाही. गेले तीन महिने हे काम करतोय,' आणि फाइल पुढे करा. देणार असालच, तर खोटं बोलू नका: 'वर्षभर नाही देणार, पुढे एक परीक्षा सुट्टीच्या दिवशी देईन.' यावर काही जण नाही म्हणतील. म्हणू देत.

पहिल्या दहा-बारा मुलाखती सरावाच्या समजा. खरी हवी असलेली नोकरी यादीत पहिली ठेवू नका, मधे ठेवा.

रुजू झाल्यावर

तुमचा टीम लीडर चोवीस वर्षांचा असेल. तो तुम्हाला नावाने हाक मारेल आणि तुम्ही सवयीने त्याला 'सर' म्हणाल. याने आतून काहीतरी टोचतं, ते पहिल्या महिन्यात टोचणारच. त्याचं वय बघू नका, त्याला चार वर्षं काम येतंय ते बघा. तुमच्या जास्तीच्या वयाचा उपयोग पुढे होतो, गिऱ्हाईक भडकलेलं असतं किंवा तालुक्याच्या कार्यालयात कोणाशी बोलायचं असतं तेव्हा.

दुसरी अडचण अशी की आपल्याला सगळं वाचून, पूर्ण तयारी करूनच पेपरला बसायची सवय. ऑफिसात निम्मं माहीत असताना काम सुरू करावं लागतं. दोन तास स्वतः धडपडून जमलं नाही की विचारा. दोन दिवस गप्प बसू नका. विचारण्याआधी वहीत लिहा की काय करून पाहिलं आणि कुठे अडलं. असं विचारणारा माणूस कोणालाही आवडतो. इंग्रजी मेलची धास्ती असेल तर ऑफिसातले आलेले चांगले मेल एका फोल्डरमध्ये जमवा, त्यांचीच वाक्यं वापरा. महिनाभरात वीस-पंचवीस वाक्यांत काम भागतं असं लक्षात येईल.

'मला चुकून घेतलंय, एक दिवस सगळं उघडं पडणार' असंही वाटेल. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यावर निबंध लिहिला होता, आणि तोही कर्तबगार स्त्रियांचा अभ्यास करून. म्हणजे असं वाटणं आणि काम न येणं यांचा फारसा संबंध नाही. तरी खात्री हवी असेल तर महिन्याच्या शेवटी लीडरला थेट विचारा: 'माझ्या कामात काय सुधारायला हवं, एक गोष्ट सांगा.' उत्तर ऐकून वाईट वाटलं तरी ते अंदाजापेक्षा बरं असतं.

निकालाचे दिवस

तुम्ही ऑफिसात असाल आणि दुपारी कोणाचा तरी मेसेज येईल: यादी लागली. त्यात तुमच्याच खोलीतल्या मित्राचं नाव असेल. गुलालाचे फोटो, गावात फ्लेक्स, क्लासच्या जाहिरातीत त्याचा चेहरा. त्याला त्याच दिवशी फोन करा, मनापासून अभिनंदन करा, आणि आठवडाभर फेसबुक-इन्स्टा बंद ठेवा. तो दिवस वाईट जाणार, हे गृहीत धरून संध्याकाळी कोणासोबत तरी जेवायला जायचं ठरवून ठेवा. एकट्याने खोलीवर बसू नका.

वाईट वाटणं दोन-चार दिवसांचं असेल तर ठीक. पण आठवडे गेले तरी झोप नाही, जेवण जात नाही, माणसं नकोशी झालीत, किंवा जगून काय करायचं असे विचार येताहेत, तर तो आत्मविश्वासाचा प्रश्न राहिला नाही. तिथे वही आणि एक्सेल कामाचं नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र कधीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागही असतो. मित्राच्या बाबतीत असं दिसलं तर त्याच्यासोबत जा, नुसता नंबर पाठवून थांबू नका.

सहा महिन्यांनी

सीव्ही पुन्हा उघडा आणि त्यात सहा महिन्यांच्या कामाच्या तीन ओळी घाला, आकड्यांसकट. तीन ओळी सहज निघाल्या तर नोकरी बरी आहे, पगार कमी असला तरी वर्ष काढा. एकही ओळ निघत नसेल, रोज तेच फोन आणि तीच डेटा एंट्री, तर दुसरीकडे बघायला सुरुवात करा. आता तुम्ही 'गॅप'वाले उमेदवार राहिला नाहीत, त्यामुळे फोनही जास्त येतील. मात्र नवी ऑफर लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका, आणि नोटीस पीरियड किती ते नेमणूकपत्रात आधी वाचा. सोडताना अनुभवपत्र आणि शेवटच्या तीन पगारपावत्या मागून घ्या. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) द्या. दुसरा काढला तर पुढे पैसे काढताना ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) खेपा घालाव्या लागतात.